वरशाचा पाट

शिर्केबाईंच्या त्या पत्राला मी उत्तर पाठवलं नाही, कारण त्यातला पहिलाच प्रश्न मला येत नव्हता.

पत्र ज्येष्ठात आलं होतं. निळं अंतर्देशीय, सगळ्या घड्यांवर बारीक अक्षरात भरलेलं. शिर्केबाईंची सवय अशी की विचारायचं ते आकडे घालून विचारायचं. या पत्रात चार प्रश्न होते. पहिले तीन माझ्या पुस्तकाबद्दल होते. पुस्तक म्हणायलाही मला संकोच वाटतो. निवृत्त झाल्यापासून मी लिनक्स या कॉम्प्युटरच्या सिस्टीमबद्दल मराठीत काही प्रकरणं लिहीत बसलो आहे. ती छापून येतील अशी आशा मला नाही, आणि यावीत की नाही हेही माझं अजून ठरलेलं नाही. एक प्रकरण झालं की मी ते पेणहून रोह्याला, म्हणजे रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात, शिर्केबाईंना पोस्टाने पाठवतो. त्या तांबड्या शाईने ते तपासून परत पाठवतात. सातवं प्रकरण मशीनच्या उपकरणांना, आणि ती चालवणाऱ्या ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रामांना, नंबर कसे मिळतात यावर होतं, आणि त्याच्या पहिल्याच पानावर तांबडी शाई सांडल्यासारखी दिसत होती.

त्यांचा पहिला प्रश्न असा होता: ‘ड्रायव्हर आपल्या उपकरणाला नंबर देतो असं तुम्ही लिहिलं आहे. तो देतो की मागतो? मागत असेल तर कोणाकडे? आणि देखभालीच्या टूलला तो नंबर कळतो कुठून?’

दुसरा आणि तिसरा प्रश्न आकृत्यांबद्दल होते, ते सोपे होते. चौथा असा होता: ‘हर्षद मला बडोद्याला कायमचं न्यायचं म्हणतो आहे. गणपतीही यंदापासून तिकडेच बसवू म्हणतो. नाथाच्या कारखान्यात पाट पाठवू की नको, ते तुम्ही कळवा.’

आमच्याकडे घरचा गणपती सांगायचा तर आपला पाट आधी मूर्तीच्या कारखान्यात नेऊन द्यावा लागतो. मूर्ती त्याच पाटावर बसते आणि चतुर्थीला त्याच पाटावरून घरी येते. पाट पोचला म्हणजे त्या घरात यंदा गणपती आहे, माणसं आहेत, दार उघडं आहे. पाट आला नाही तर कारखानदार नागपंचमीपर्यंत वाट पाहतो आणि मग त्या घराची मूर्ती दुसऱ्याला देऊन टाकतो. शिर्केबाई एकट्याच राहतात, हर्षद हा त्यांचा भाचा बडोद्याला असतो. त्यांनी पाट पाठवला नाही याचा अर्थ एकच होता.

मी उत्तरं क्रमाने लिहितो. शाळेतही पेपर क्रमानेच सोडवायचो, त्यामुळे शेवटचा प्रश्न बहुतेक वेळा राहून जायचा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळेना, म्हणून मी पुस्तकं काढली, इंटरनेटवर शोधलं, लिहिलं, खोडलं. आषाढ सरत आला. चौथ्या प्रश्नापर्यंत मी पोचलोच नाही असं मी स्वतःला सांगत होतो. ते पूर्ण खरं नव्हतं. चौथ्याचं उत्तर मी बऱ्याचदा लिहिलं होतं, पण ते वेगळ्या कागदावर, आणि दर वेळी वेगळं.

शिर्केबाईंनी आणि मी रोह्याच्या एका रासायनिक कारखान्यात एका खोलीत काम केलं. मी स्टोअरमध्ये कारकून होतो. वडील मिठागरावर होते, घरात वाचणारा मीच, म्हणून साहेबांनी मला कॉम्प्युटरच्या खोलीत टाकलं. शिर्केबाई तिथे आधीपासून होत्या. मला जे काही येतं ते त्यांनी शिकवलं आहे. आमच्या शिफ्ट उलट्यासुलट्या असत. त्या निघताना टेबलावर चिठ्ठी ठेवून जात, ‘टेप बदलली, प्रिंटर रुसला आहे, समजूत काढा’, आणि मी खाली उत्तर लिहून ठेवी. बोलण्यापेक्षा आमचं लिहिणंच जास्त झालं. त्यांनी लग्न केलं नाही. आईवडील होते, मग भाऊ गेला, त्याचा मुलगा हर्षद होता. मीही केलं नाही. त्याला माझ्याकडे कोणतंही कारण नाही, फक्त विचारायचं राहून गेलं. फोन मला जमत नाही. पलीकडून ‘हॅलो’ आलं की माझं वाक्य संपतं.

वर्षातून दोनदा मात्र आमची भेट व्हायची. एकदा त्या पाट घेऊन पेणजवळ हमरापूरला यायच्या तेव्हा, आणि एकदा गणपती न्यायला. नाथा माझा शाळासोबती, त्याचा कारखाना हमरापुरात. त्याच्या ऑर्डरी आणि मूर्तींचे फोटो ठेवायला मी त्याला एक जुना सर्व्हर लावून दिला आहे. त्या सर्व्हरच्या निमित्ताने मी पाट यायच्या दिवसांत तिथे जाऊन बसतो. नाथाला हे ठाऊक आहे. तो सांगतो सगळ्यांना.

या वर्षी श्रावण लागला तसा नाथाच्या सुनेचा, भाविकाचा, निरोप आला की मशीन ओरडतंय.

मी गेलो तेव्हा खरंच एकसारखी शिटी वाजत होती. रंगाच्या डब्यांमधून वाट काढत मी आतल्या खोलीत गेलो. भाविका एका गणपतीच्या सोंडेवर सोनेरी रंग देत होती. कानात तिने कापूस घातला होता.

“काका, तीन दिस झालं,” ती म्हणाली. “गणपतीबाप्पा पण कान हलवाय लागलं आता.”

“बंद नाही केलंस?”

“बंद क्याला करू? ऑर्डरी हायत सगळ्या त्याच्यात. पेणवरनं तो रिपेरवाला आला होता, त्यानं सिस्टीम नवीन केली. म्हणाला एक डिस्क मेली असंल. कंची ते इचारलं तर म्हणतो, टूल सांगंल. आणि टूल म्हणतंय कार्डच नाय.”

इथे मला थोडं समजावून सांगावं लागेल. लिनक्समध्ये प्रत्येक उपकरणाला एक दार असतं, त्याला नोड म्हणतात. एका ठरावीक फोल्डरात ते फाईलसारखं दिसतं, पण आत मजकूर नसतो, फक्त दोन आकडे असतात. पहिला आकडा कोणत्या ड्रायव्हरकडे जायचं ते सांगतो, दुसरा त्या ड्रायव्हरच्या हाताखालच्या कोणत्या उपकरणाकडे. नाथाच्या मशीनमध्ये दोन डिस्क एका कार्डाला जोडलेल्या आहेत. एकीवर लिहिलं की दुसरीवरही उतरतं, म्हणजे एक गेली तरी काही बुडत नाही. डिस्कवर लिहिण्यावाचण्याची दारं आपोआप होतात. पण कार्डाला त्याच्या हाताखालच्या डिस्कची तब्येत विचारायची तर निराळं टूल लागतं, आणि त्या टूलला निराळं दार. त्या जुन्या कार्डाचा ड्रायव्हर हे दार स्वतः उभं करत नाही. ते मी उभं केलं होतं. मशीन सुरू होताना चालणाऱ्या फायलीत मी एक ओळ लिहिली होती, आणि तिच्यात २५३ हा आकडा घातला होता, कारण त्या दिवशी तो होता. पुढे सातव्या प्रकरणातही मी तसंच लिहिलं.

मी टूल चालवून पाहिलं. ‘कार्ड सापडलं नाही.’ दार फोल्डरात दिसत होतं, २५३ लिहिलेलं, जसंच्या तसं. मी पुन्हा चालवलं. शिटी वाजतच होती.

नाथा आला. हात शाडूने भरलेले, ते तो लुंगीला पुसत होता.

“काय रं हिरामण, तुजा हा पोर रडतोय, बापाला ओळख द्यायला तयार नाय.”

“काहीतरी चुकलं आहे.”

“ते आमाला तीन दिस कळतंय.” तो भिंतीकडे वळला. भिंतीला पाट ओळीने उभे केले होते. दर वर्षी पाट येईल त्या क्रमाने नाथा वरच्या बाजूला खडूने नंबर घालतो. “आन् दुसरं. वरशाचा पाट नाय आला यंदा.”

मी पाटांवरचे खडूचे नंबर वाचत राहिलो.

“बाईंचा पाट आषाढातच येतो. बारकी मूर्ती, बसलेली, उंदीर उजव्या अंगाला. ती मी करून ठेवलीय. पंचमीला नाय आला तर ती वडखळवाल्याला देनार, सांगून ठेवतो. दोनदा इचारून गेला तो.”

“त्यांनी काही कळवलं नाही?”

“मला क्याला कळवतील? तुला कळवलं असंल.” तो माझ्याकडे पाहत राहिला. “कळवलं ना?”

“पत्र आलं होतं.”

“आन् तू काय लिवलंस?”

“अजून लिहितो आहे.”

भाविकाने कानातला कापूस काढला. “कवा आलं होतं पत्र?”

“ज्येष्ठात.”

“जल्ला,” नाथा म्हणाला, “येवढ्या दिसात मी तीनशे गणपती रंगवले.”

मी टूल बंद केलं. मग म्हणालो की मशीनचं रोह्याला जाऊन शिर्केबाईंना विचारावं लागेल, त्यांना या कार्डांची माहिती आहे.

“फोन हाय ना,” भाविका म्हणाली.

“तू गप गो,” नाथा तिला म्हणाला. “मशीनचं फोनवर नाय इचारत. समोर बसून इचारत्यात. जा रं हिरामण, यश्टी पकड.”

दुसऱ्या दिवशी मी पेणहून रोह्याची एसटी पकडली. पिशवीत सातवं प्रकरण होतं आणि चौथ्या प्रश्नाच्या उत्तराचे मसुदे होते. नागोठणं जाईपर्यंत मी ते वाचले. एकात लिहिलं होतं की हर्षद समंजस आहे, बडोद्यात दवाखान्याची सोय चांगली आहे. दुसऱ्यात होतं की या वयात आपल्या माणसांत असावं. तिसऱ्यात लिहिलं होतं की निर्णय आपला आपणच घ्यावा, मी कोण सांगणार. सगळे मसुदे समजुतीचे होते. ते दुसऱ्या कुणी लिहिले असते तर मी त्याला शहाणा म्हटलं असतं. खिडकीतून भाताची लावणी झालेली खाचरं दिसत होती, आणि मला एकसारखं वाटत होतं की मी उशिरा निघालो आहे. बसला नव्हे. एकूणच.

वरशाला त्यांच्या घराभोवती आता इमारती झाल्या आहेत. घर मात्र तेच, पुढे पडवी, पडवीत वेताची खुर्ची. दारात खोके रचले होते. एका खोक्यावर ‘भांडी, जड’ असं लिहिलं होतं. हर्षद घामाघूम होऊन एका खोक्याला चिकटपट्टी लावत होता. पन्नाशीच्या आतबाहेरचा, चेहऱ्याने त्याच्या आजोबांवर गेलेला. मला पाहून तो उठून उभा राहिला.

“या, म्हात्रेकाका. आत्या आत आहे. तुमच्या प्रकरणाची वाट पाहत होती.”

“निघणार कधी?”

“या आठवड्यात म्हणतोय. टेम्पो सांगितलाय. पण आत्याचं अजून होय-नाही चाललंय. तुम्ही जरा सांगा तिला. तुमचं ऐकते.”

हा माणूस बरा होता, हीच अडचण होती. मी होय म्हणालो.

शिर्केबाई स्वयंपाकघरातून आल्या. केस पूर्ण पांढरे झाले आहेत. मागच्या गणपतीत इतके नव्हते, की होते आणि मी पाहिले नव्हते. चष्म्याची दोरी गळ्यात होती.

“म्हात्रे,” त्या म्हणाल्या. “पोस्ट बंद पडलं की काय?”

“नाही. म्हणजे, पहिला प्रश्न अडला होता.”

“मला वाटलंच. बसा. चहा साखरेचा की बिनसाखरेचा, हे तरी क्रमाने विचारायला नको ना?”

मी खुर्चीत बसलो. समोर भिंतीला त्यांचा पाट टेकवून ठेवला होता, खोक्यात न घातलेला. सागवानी, कडेला तेलाचे डाग. खालच्या बाजूला त्यांच्या वडिलांनी पटाशीने कोरलेलं ‘शिर्के, वरसे’ मला बसल्या जागेवरून दिसत होतं.

हर्षद म्हणाला, “हा तेवढा राहिलाय. प्लास्टिकात गुंडाळून वर टाकतो.”

“राहू दे,” शिर्केबाई म्हणाल्या.

“तिकडेही गणपती मिळतात गं आत्या. पेणचेच असतात.”

“ठाऊक आहे. राहू दे.”

मी घाईने नाथाच्या मशीनचं सांगायला लागलो. शिटी, रिपेरवाला, नवी सिस्टीम, २५३. त्यांनी मधेच थांबवलं.

“दाराचा आकडा तुम्ही हाताने घातलात?”

“हो.”

“आणि तोच प्रकरणात छापायला घेतलात.”

“हो.”

“म्हणून तर विचारलं होतं मी, तो देतो की मागतो.” त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “भाविकाला फोन लावा. मी बोलते, तुम्ही फक्त धरा.”

मी फोन लावला, स्पीकरवर टाकला. पलीकडून आधी शिटी आणि मग भाविकाचा आवाज आला.

“बोला काका. पोचलात का समोर बसून इचारायला?”

शिर्केबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी फोनकडे पाहिलं.

“मी बोलते आहे गं भाविका,” त्या म्हणाल्या. “एक यादी उघडायची. काका सांगतात तसं टाईप कर.”

मी कमांड सांगितली. लिनक्स चालू असताना कोणत्या ड्रायव्हरला आत्ता कोणता नंबर मिळाला आहे, त्याची यादी एका फायलीत ठेवलेली असते. मी ती शेकडो वेळा पाहिली होती, पण तिचा उपयोग कशासाठी, हे कधी मनावर घेतलं नव्हतं.

“आली,” भाविका म्हणाली. “आकडं आन् पुढं नावं.”

“२५३ पुढे काय आहे?”

“आर, टी, सी.”

शिर्केबाई हसायला लागल्या. मला कळायला थोडा वेळ लागला. ते मशीनमधल्या घड्याळाच्या ड्रायव्हरचं नाव होतं. नवी सिस्टीम आल्यावर ड्रायव्हर वेगळ्या क्रमाने उठले होते. २५३ घड्याळाला मिळाला होता, आणि आमचं टूल तीन दिवस घड्याळाच्या दारात उभं राहून डिस्कची तब्येत विचारत होतं.

“आता कार्डाच्या ड्रायव्हरचं नाव बघ,” त्या म्हणाल्या. “त्याच्या अलीकडचा आकडा वाच.”

“२४४.”

“तोच त्याचा आजचा नंबर. ड्रायव्हर कुणाला नंबर देत नाही बघ. तो उठतो आणि कर्नेलला, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याला, म्हणतो, मला एक मोकळा नंबर द्या. कर्नेल जो हाताशी असेल तो देतो आणि यादीत लिहून ठेवतो. टूलने दर वेळी आधी ती यादी वाचायची, नाव शोधायचं, नावाचा आकडा घ्यायचा, आणि दार तेव्हाच्या तेव्हा नव्याने करायचं. कालचा आकडा धरून बसायचं नाही.”

भाविका म्हणाली, “म्हणजे पाटावानी की. पाट यील तसा मामंजी खडूनं नंबर टाकतात. गेल्या सालचा पाच यंदा नऊ असतो. आमी नंबरावर गणपती देत बसलो तर शिर्क्यांचा मात्र्यांकडं जायचा. पाट उलटा करून नावच बघायचं.”

“बरोबर,” शिर्केबाई म्हणाल्या. “म्हात्रे, हे लिहून घ्या. तुमच्या प्रकरणातल्या सगळ्या आकृत्या काढून हे घाला.”

मी लिहून घेतलं. जुनं दार काढून टाकायला सांगितलं, २४४ चं नवं करायला सांगितलं, आणि सुरू होतानाच्या फायलीतली माझी ओळ बदलून अशी लिहायला सांगितली की आकडा तिने दर वेळी यादीतून उचलावा. भाविका एकेक अक्षर परत म्हणत टाईप करत होती. टूल चाललं. दुसऱ्या खाचेतली डिस्क मेली होती, पहिली धडधाकट होती. शिटी बंद करायची कमांड मी सांगितली आणि पलीकडे एकदम शांत झालं. आम्हाला तिथला पंखा ऐकू आला, कुणीतरी डबा खरवडत होतं ते ऐकू आलं.

लांबून नाथाचा आवाज आला, “झालं काय रं तुमचं?”

“झालं मामंजी, मशीनचं झालं,” भाविका म्हणाली. “बाकीचं काका बगतील.” आणि तिने फोन ठेवला.

हर्षद चिकटपट्टीचं आणखी एक रीळ आणतो म्हणून बाजारात गेला. मला वाटतं त्याला रीळ नको होतं, पण मी लोकांच्या मनातलं चुकीचं ओळखतो, त्यामुळे खात्रीने सांगत नाही.

शिर्केबाईंनी चहा ओतला.

“पहिला प्रश्न झाला,” त्या म्हणाल्या.

“झाला.”

“दुसरा आणि तिसरा आकृत्यांचा होता. आकृत्या काढून टाकल्या, तेही झाले.”

“हो.”

त्या माझ्यासमोर बसल्या. बाहेर कुणाच्या तरी गच्चीवरून पाण्याची टाकी भरून वाहत होती, कुणी बंद करत नव्हतं. मी म्हणालो, “हर्षद समंजस आहे. बडोद्यात दवाखान्याची सोय…”

“म्हात्रे, सोयीचं मी त्याला विचारलं. तो सांगतो. छान सांगतो, कागदावर काढून दाखवतो. तुम्हाला मी सोयीचं नव्हतं विचारलं.”

“मग?”

“पाट पाठवू का, असं विचारलं होतं. तुम्हाला पाठवायला हवा आहे का.”

चहा समोर होता, पण हात पुढे गेला नाही. मी म्हणालो, “मला विचारलं तर… म्हणजे मला वाटतं की…”

“थांबा,” त्या म्हणाल्या. “तोंडी नको.”

“का?”

“आठवतं? मला मुख्य ऑफिसला बदली आली होती. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही डबा उघडता उघडता म्हणालात, जाऊ नका. मला घास गिळता येईना. आणि चहा यायच्या आत तुम्ही म्हणालात, म्हणजे तुमचं तुम्ही बघा, मी आपलं असंच म्हटलं.”

“पुढे आईच्या आजारपणामुळे तुम्ही गेला नाहीत.”

“गेले नाही ते खरं. पण त्या चहाची चव मला अजून आठवते.” त्यांनी बोलताना आवाज चढवला नाही, उलट थोडं हसल्याच. “तुमचं बोललेलं मी धरत नाही. लिहिलेलं धरते. टेबलावरच्या चिठ्ठ्यांत तुम्ही कधी शब्द फिरवला नाहीत. प्रिंटर सुधारला असं लिहिलंत तर तो सुधारलेला असायचा.”

“मग आत्ता लिहून देतो. कागद आहे माझ्याकडे.”

“हातात नको. हातात दिलं तर फाटकापर्यंत जाल आणि परत येऊन मागाल, एक शब्द बदलायचा आहे म्हणून. मागच्या गणपतीत एका प्रकरणाचं पाकीट हातात दिलंत आणि दोनदा परत मागितलंत. पोस्टात टाका. पेटीत पडलं की तुमचं राहत नाही. हर्षदला मी सांगते, टपाल येईपर्यंत टेम्पो थांबव.”

“आणि समजा मी लिहिलं की नको?”

“तर पाट प्लास्टिकात जाईल,” त्या म्हणाल्या आणि पाटाकडे न पाहता माझ्याकडे पाहत राहिल्या. “ते वाचून मी रडत बसणार नाही, बारीकसारीक आवरायचं खूप आहे. पण मला माहीत असायला हवं. तुमच्या मनात काय आहे ते न कळता मला रोह्यातून जायचं नाही. इतकी वर्षं मी अंदाजाने वागले. कंटाळा आला अंदाजाचा.”

मी उठलो. चहा तसाच राहिला होता. त्यांनी तो परत घेतला, सायीसकट एका घोटात स्वतः प्यायल्या, आणि कप घेऊन आत गेल्या.

रोह्याच्या पोस्टात दुपारी गर्दी नव्हती. खिडकीतल्या बाईंकडे मी एक अंतर्देशीय मागितलं. त्यांनी खण उघडून शोधलं. आता फारसं कुणी मागत नाही म्हणाल्या. बाजूच्या उंच टेबलावर दोरीने बांधलेलं पेन होतं, ते उठत नव्हतं, म्हणून मी माझं काढलं.

पहिली ओळ लिहिताना सवयीने ‘प्रश्न १’ असं लिहिणार होतो. हात थांबवला. पिशवीतले मसुदे बाहेर काढले, पुन्हा पिशवीत घातले. माझ्या मनात आलं की मी सत्तरी ओलांडलेला माणूस आहे, मला गुडघ्याचा त्रास आहे, माझ्या घरात दुसरी खुर्चीसुद्धा नीट नाही, आणि एका बाईला तिच्या माणसांपासून थांबवायचा अधिकार मला कुणी दिला. हे सगळं बरोबर होतं. अजूनही ते मला बरोबरच वाटतं. पण त्यांनी अधिकाराचं विचारलं नव्हतं.

मी लिहिलं:

‘शिर्केबाई,

जाऊ नका. पाट घेऊन या, पंचमीच्या आत. मला तुम्ही इथे हव्या आहात. रोजच्या रोज हव्या आहात, वर्षातून दोनदा पुरत नाही. हे मी असंच म्हणत नाही.

हिरामण म्हात्रे’

एवढ्यात संपलं. उरलेल्या घड्या कोऱ्या राहिल्या. त्या भरून काढाव्यात, निदान प्रकृतीची चौकशी करावी, असं वाटलं, पण सुचलं नाही. कडांना डिंक लावला. डिंक पातळ होता, बोटांना चिकटला. पत्ता लिहिला.

खिडकीतल्या बाईंनी वाकून वाचला. “वरशाला? अहो आजोबा, चालत गेलात तरी पोचाल की आत्ता. उद्या-परवा मिळेल हे त्यांना.”

“तिथूनच आलो.”

“मग देऊनच टाकायचं होतं हातात.”

“पोस्टानेच मागितलं आहे त्यांनी.”

त्या म्हणाल्या, “पेटी बाहेर आहे. तीनची काढणी व्हायचीय अजून.”

पेटी दाराच्या उजव्या हाताला होती. मी पत्र फटीत अर्धं सरकवलं आणि धरून राहिलो. मागे एक मुलगी आधार कार्डाचं पाकीट घेऊन उभी होती. तिने घसा साफ केला. मी तिला पुढे व्हा म्हणणार होतो, नेहमीसारखं, आणि मग म्हटलं नाही. बोटं सोडली. आत कागदावर कागद पडल्याचा आवाज आला.